फराळाचा डबा आणि घराघरांतली नावे

प्रथम सत्राची परीक्षा आटोपते, दिवाळीची सुट्टी लागते आणि घरोघरी डबे भरू लागतात. त्या डब्यांत काय असते हे मराठी वाचकाला सांगण्याचे कारण नाही. परंतु जे असते त्याला आपापल्या घरी काय म्हणतात, हा प्रश्न वर्गातल्या चारचौघांना एकदा विचारून पाहावा. कोणी करंजी म्हणेल, कोणी कानवला म्हणेल, गोव्याकडची मैत्रीण नेवरी म्हणेल. डब्याच्या तळाशी उरलेल्या तुकड्यांना तर प्रत्येकाच्या घरी वेगळेच नाव निघेल, आणि ते सांगताना सांगणारा थोडा लाजेल. या लाजण्यातच आपल्या भाषेसंबंधी बरेच काही दडले आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

फराळाच्या नावांचे साधारण तीन थर दिसतात. पहिला थर दूरचा प्रवास करून आलेल्या शब्दांचा, दुसरा प्रांताप्रांताच्या बोलींचा आणि तिसरा निव्वळ एकेका घराचा. पहिल्या दोहोंची दखल कोशकार आणि भाषाशास्त्रज्ञ घेतात. तिसऱ्याची दखल घेणारे कोणी नसते.

आरंभ ‘फराळ’ या शब्दापासूनच करू. हा शब्द ‘फलाहार’ या संस्कृत शब्दापासून आला. फलाहार म्हणजे उपवासाच्या दिवशी जेवणाऐवजी खायची फळे. पुढे जेवणाव्यतिरिक्तचे हलके खाणे म्हणजे फराळ, असा अर्थ विस्तारला आणि शेवटी वर्षातल्या सर्वांत तळणीच्या सणाला हे नाव चिकटले. जुना अर्थही सुटलेला नाही. म्हणूनच दुकानातला ‘फराळी चिवडा’ एकादशीला चालतो आणि दिवाळीच्या फराळातला चिवडा मात्र चालत नाही. परप्रांतीय मित्राला हा भेद समजावून देताना चांगलीच धांदल उडते.

गंमत अशी, की या बाबतीत मराठी एकटी नाही. ‘नाश्ता’ हा शब्द फारसीतून आला. तेथे ‘नाश्ता’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. इंग्रजीतील ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे उपास मोडणे. तीन भाषांनी खाण्याचे नाव भुकेवरून ठेवले. बिबवेवाडीत आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब राहते. त्यांच्याकडे अशा सुक्या खाण्याला ‘नास्तो’ म्हणतात. पाडव्याच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, वरून नास्त्याचे ताट खाली येते आणि खालून फराळाचे ताट वर जाते. ताटांवरचे विणलेले रुमाल बदलतात, पण दोन्ही ताटांची नावे मुळात उपवासाचीच असतात, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

शंकरपाळीची कथा याहून लांबची आहे. संस्कृत ‘शर्करा’ पश्चिमेकडे गेली. फारसीत ती ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’ झाली, आणि त्याच वाटेने इंग्रजीत ‘शुगर’ होऊन बसली. फारसीत ‘पारा’ म्हणजे तुकडा. ‘शकरपारा’ म्हणजे साखरेचा तुकडा. उत्तर हिंदुस्थानात तो ‘शक्करपारा’ म्हणून आजही आहे. महाराष्ट्रात आल्यावर मात्र अनोळखी ‘शकर’चा ओळखीचा ‘शंकर’ झाला. शब्द परका वाटला की समाज त्याला आपल्या परिचयाच्या शब्दासारखा घडवून घेतो. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शंकराचा या पदार्थाशी काही संबंध नाही, आणि तरीही आता तो शब्द सोळा आणे मराठी आहे. घरून निघालेली शर्करा परदेशी वेष घालून परत आली आणि आपण तिला देवाचे नाव देऊन घरात घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

कधी शब्द तोच राहतो आणि वस्तू बदलते. हिंदीत ‘चिवडा’ म्हणजे आपले पोहे, नुसते कांडलेले पोहे. मराठीत तेच पोहे भाजून, फोडणी घालून, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि डाळे मिसळले म्हणजे चिवडा होतो. त्यातल्या डाळ्याचेही पाहा. कोणी ‘डाळं’ म्हणतो, कोणी ‘डाळवं’, कोणी ‘पंढरपुरी डाळ’, तर कोणी सरळ ‘फुटाण्याची डाळ’. किराणा दुकानाच्या फळीवर उभे राहून या चारही नावांनी मागणी होताना मी ऐकली आहे, आणि दुकानदाराचा हात न चुकता एकाच डब्याकडे जातो.

आता दुसरा थर. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात. खाण्याच्या बाबतीत तर एवढेही अंतर लागत नाही. मुंबईत ‘कुरमुरे’, पुण्यात ‘चुरमुरे’, बेळगाव-कोल्हापूरकडे ‘चिरमुरे’, विदर्भात ‘मुरमुरे’. नावे चार दिसली तरी युक्ती एकच आहे. दाताखाली होणारा आवाज प्रत्येक प्रांताने आपापल्या कानाने टिपला. त्यांनाच तेल-मसाला लावला की सांगली-कोल्हापुरात भडंग होते. नाशिक-नगरकडे त्यांत शेव-फरसाण मिसळून होतो तो भत्ता. (आपल्या वाचकांना भत्ता हा शब्द निराळ्या कारणाने प्रिय आहे, पण तो विषय येथे नको.)

चकलीला गुजरातीत ‘चकरी’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘चक्कुली’ म्हणतात. तमिळमध्ये तिच्या भावंडाचे नाव ‘मुरुक्कु’ आहे, म्हणजे पीळ दिलेले. कडबोळ्याचे कन्नड नाव ‘कोडुबळे’, आणि त्यातल्या ‘बळे’चा अर्थ बांगडी. करंजीला गुजरातीत ‘घूघरा’, हिंदीत ‘गुजिया’, कन्नडमध्ये ‘कर्जिकाई’ ही नावे आहेत. ‘काई’ म्हणजे फळ किंवा शेंग, आणि आपली करंजीही करंजाच्या शेंगेसारखीच दिसते. गोव्यात तिला नेवरी म्हणतात. तेथे ती हिंदूंच्या घरी चवथीला होते आणि ख्रिस्ती घरांत नाताळला होते. देव निराळे, सण निराळे, पण नाव आणि आकार एकच.

आमच्या घरात मात्र या करंजीवरून बराच काळ मतभेद होता. वडिलांचे घराणे बार्शीकडचे. १९७२ च्या दुष्काळात आजोबा पुण्याला आले आणि पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात तोलणार म्हणून कामाला लागले. यार्डाला लागूनच बिबवेवाडी, म्हणून बिऱ्हाड इकडे झाले. आई वर्ध्याकडची. आजी ‘कानवला’ म्हणे, आई ‘करंजी’ म्हणे. एका स्वयंपाकघरात एका वस्तूला दोन नावे फार काळ सुखाने नांदत नाहीत. एक तर त्यांतले एक मरते, नाहीतर दोघे काम वाटून घेतात. आमच्याकडे दुसरे घडले. दिवाळीची सुक्या खोबऱ्याची तळलेली ती करंजी, आणि नागपंचमीला तवा चढवायचा नाही, तळायचे नाही, चिरायचे नाही म्हणून उकडलेला तो कानवला, अशी वाटणी कोणीही न ठरवता होऊन गेली. भाषाशास्त्राच्या तासाला जेव्हा आम्ही शिकलो की भाषेत पूर्ण समानार्थी शब्द टिकत नाहीत, त्यांच्यात अर्थभेद उत्पन्न होतो, तेव्हा त्यासाठी मला निराळे उदाहरण शोधावे लागले नाही.

कानवल्याबरोबर ‘मुरड’ हा शब्दही आजीकडून आला. करंजीच्या कडेला बोटांनी घालतात ती दुमड म्हणजे मुरड. ‘मुरडणे’ म्हणजे मागे वळणेही. म्हणून गौरी जायला निघतात तेव्हा मुरडीचे कानवले करतात, की गौरीने पुढल्या वर्षी मुरडून यावे. येथे शब्दाच्या दोन अर्थांवर एक रीत उभी आहे. ज्या घरी कानवल्याची कड चमच्याने किंवा साच्याने कापतात तेथे वेळ वाचतो, यात संशय नाही. पण हळूहळू ‘मुरड’ शब्दाचे कामही संपते, आणि त्या रीतीचा अर्थ कोणाला लागत नाही.

या दोन नावांची समजूत पटली, पण सगळ्याच शब्दांचे नशीब असे नसते. विदर्भात कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात. कोथिंबिरीचे सारण बेसनाच्या पारीत भरून तळलेली वडी म्हणजे सांबारवडी. आई लग्न होऊन आली त्या वर्षी तिने ती करून शेजारी पाठवली. “अहो वहिनी, ही वडी सांबारात बुडवून खायची का?” असा प्रश्न आला आणि चार बायका हसल्या. प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांना सांबार म्हणजे इडलीबरोबरचे एवढेच ठाऊक. परंतु त्या दिवसापासून आई भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागू लागली आणि वडीचे नाव घराबाहेर ‘कोथिंबिरीची वडी’ झाले. घरात, दार लोटल्यावर, ती अजून सांबारवडीच आहे. मामा आले की त्यांच्याशी बोलताना आईचे सगळेच शब्द मुळावर जातात आणि तिचा आवाजही मोकळा होतो.

मला यात एक गंभीर गोष्ट दिसते. स्वयंपाकघरातले शब्द मुख्यतः बायकांच्या तोंडी राहतात. आपल्याकडे मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाते, आणि तिच्याबरोबर माहेरचे शब्दही जातात. पण ‘आमच्याकडे याला असं म्हणत नाहीत’ हे वाक्य तिला पहिल्याच सणाला ऐकावे लागते. पदार्थ माहेरचा चालतो, कधी त्याची वाहवाही होते, पण नाव सासरचे लागते. पुण्यासारख्या शहरात तर सासरच्या नावावर शहराचे नाव येऊन बसते. ते ‘शुद्ध’ समजले जाते आणि बाकीची नावे गावंढळ ठरतात. वास्तविक ‘कोथिंबीर’ शुद्ध आणि ‘सांबार’ अशुद्ध असे भाषाशास्त्रात काही नसते. एका बोलीच्या बाजूला शाळा, छापखाना आणि बाजार उभा राहिला, दुसरीच्या बाजूला राहिला नाही, एवढाच काय तो फरक.

बोलींकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेच नाही असे मात्र नाही. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकमाला सिद्ध केली. कुडाळी, वारली, कासरगोडची मराठी अशा बोलींचे शब्द आणि वाक्ये त्यामुळे छापील रूपात आली. त्यापूर्वी मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातच तयार झाला. पाककृतींच्या बाजूने पाहिले तर लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. या पुस्तकांनी पदार्थ सांभाळले हे त्यांचे मोठेच उपकार आहेत. पण छापलेल्या पाककृतीला एक नाव द्यावेच लागते, आणि जे नाव छापले जाते ते बाकीच्यांवर वरचढ होते.

बाजारही हेच करतो. आमच्या शेजारच्या मार्केट यार्डात दि पूना मर्चंट्स चेंबरतर्फे दिवाळीत ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर लाडू-चिवड्याची विक्री होते. ज्यांना घरी करणे जमत नाही किंवा परवडत नाही, अशा असंख्य घरांची दिवाळी त्यामुळे होते. हा उपक्रम निश्चितच स्तुत्य आहे. मला त्यात भाषेचा एक धडाही दिसतो. विक्रीसाठी निवडलेले दोन पदार्थ असे आहेत की ज्यांच्या नावाबद्दल महाराष्ट्रात कोणाचा वाद नाही. लाडू तर पुण्यापासून तिरुपतीपर्यंत लाडूच. जो पदार्थ देवळात आणि बाजारात जातो त्याचे नाव एक होते. जो घरातच खाल्ला जातो त्याची नावे अनेक राहतात. आज फराळ विकत आणणे ही कमीपणाची गोष्ट राहिलेली नाही, आणि राहूही नये. नोकरी करणाऱ्या आईने रात्री बारापर्यंत कढईपुढे उभे राहावे असे कोणता मुलगा म्हणेल? मात्र पुडक्यावर नाव छापूनच येते. ते वाचणारे मूल विचारीत नाही, की याला आपल्याकडे काय म्हणतात.

आता तिसरा थर, निव्वळ घरचा. चार-पाच दिवसांनी डब्यांच्या तळाशी चकलीचे तुकडे, शेवेचा चुरा, चिवड्यातले जड मसालेदार दाणे आणि कुठून तरी आलेली एखादी शंकरपाळी उरते. हे सगळे एका पातेल्यात ओतून, वर कांदा चिरून, लिंबू पिळून खायचे. फराळातला सर्वांत रुचकर भाग हाच, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण याला मराठीत नाव नाही. म्हणून प्रत्येक घर ते पाडून घेते. माझ्या मित्रांच्या घरी कुठे ‘काला’ म्हणतात (गोकुळअष्टमीवरून), कुठे ‘सरमिसळ’, कुठे ‘भुगा’, तर एका घरी ‘भाऊबीज’ म्हणतात, कारण तो भाऊबीजेच्या संध्याकाळीच होतो.

आमच्या घरी त्याला ‘मातेरं’ म्हणतात.

हा शब्द वाचून काही वाचक दचकतील. आयुष्याचे मातेरे झाले, संसाराचे मातेरे झाले, या वाक्प्रचारांपलीकडे शहरात तो शब्द कोणी वापरीत नाही. पण मूळ शब्द खळ्यावरचा आहे. धान्य उफणून, मापून पोती भरली की खाली जमिनीशी मातीत मिसळलेले जे दाणे राहतात ते मातेरे. आजोबांचा सारा जन्म धान्याशी गेला, आधी खळ्यावर आणि मग काट्यापाशी. डबा उपडा केला तेव्हा त्यांच्या तोंडी दुसरा शब्द येणेच शक्य नव्हते. “सणाच्या अन्नाला असलं नाव ठेवू नये,” असे आजी म्हणे. आजोबा म्हणत, “अगं, मातेऱ्यातबी दाणाच असतो. दुष्काळात तेच निवडून खाल्लंय आपण.” यावर आजी गप्प बसे. आम्हा मुलांना दुष्काळ ठाऊक नव्हता, आम्हाला लिंबू पिळलेले मातेरे ठाऊक होते. एका वाईट दिवसातला शब्द एका घरात सणाचा झाला, तो असा.

जगात याची दखल कोणी घेतली आहे का, असा प्रश्न पडतो. इटालियन लेखिका नातालिया गिन्झबर्ग यांचे १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘लेस्सिको फामिल्यारे’ हे पुस्तक सर्वस्वी याच विषयावर आहे. नावाचाच अर्थ कुटुंबातली शब्दसंपदा. युद्धाने आणि काळाने पांगलेली भावंडे आईवडिलांच्या ठरावीक शब्दांवरून एकमेकांना कोठेही ओळखतील, असा त्यातला भाव आहे. इंग्रजीत आता अशा घरगुती भाषेला ‘फॅमिलेक्ट’ म्हणतात. मराठीत आपण तिला कुटुंबबोली म्हणू या. तिची व्याकरणे नसतात, कोश नसतात, आणि बोलणारी माणसे चार ते दहा एवढीच असतात. एखादी मोठी भाषा नष्ट व्हायला शतके लागतात, पण कुटुंबबोली एका पिढीत संपते.

आजोबा आता नाहीत. गेल्या वर्षी ताई नोकरीनिमित्त जर्मनीला गेली. आईने तिला फराळाचे पार्सल पाठवले. पार्सलच्या कागदावर आत काय आहे ते इंग्रजीत लिहून द्यावे लागते. चिवड्याचे झाले ‘भाजलेले पोहे’, करंजीचे झाले ‘गोड पेस्ट्री’. मुरड, कानवला, सांबार यांना त्या रकान्यांत जागा नव्हती. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. प्रवासात सगळ्याचा चुरा झाला होता. आईला फार वाईट वाटले. ताई म्हणाली, “अगं, बरंच झालं. इथल्या मुलींना मी मातेरं खायला बोलावलंय.” त्या खोलीत एक मुलगी केरळची आणि एक पोलंडची आहे. त्या दोघीही आता तो शब्द म्हणतात, आणि अर्थात त्यांना तो दचकवीत नाही.

शब्द टिकतो तो असा, वापरणारा मिळाला तर. त्यासाठी भाषेचा अभिमान वगैरे मिरविण्याची गरज नसते. दुसऱ्याच्या नावाला हसू नये आणि आपले नाव लपवू नये, एवढे पुरते. आपल्या महाविद्यालयात कोकणापासून मराठवाड्यापर्यंतची मुले आहेत, गुजराती-मारवाडी घरांतली आहेत, सीमाभागातली आहेत. पुढील दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने एक वही घ्यावी. घरातल्या वडील माणसांना, विशेषतः आजीला आणि आईला, विचारून तीन गोष्टी लिहाव्यात: पदार्थ, त्याचे माहेरचे नाव आणि त्याचे सासरचे नाव. चौथ्या रकान्यात फक्त आपल्याच घरात चालणारे नाव लिहावे, आणि ते कोणी पाडले हेही लिहावे. या वह्या मराठी विभागात जमा झाल्या तर एक छोटासा कोश सहज तयार होईल, आणि प्राध्यापक मंडळी त्याला मार्गदर्शन करतीलच.

माझी वही तयार आहे. पहिली नोंद ‘मातेरं’ अशी असून पुढे ‘नाम, नपुंसकलिंगी, चवीला उत्तम’ असे लिहिले आहे. ती वाचून आईने माझ्याकडून वही घेतली आणि खाली स्वतःच्या अक्षरात ‘सांबारवडी’ लिहिले.